फोटोपुरत्या गायी

साहेब, चंपाबाईला तुम्ही मारलं. दवाखान्याच्या कागदावर श्वासाचा आजार लिहिलाय. लिहिणारच. पण तळखेड्याच्या बौद्धवाड्यात येऊन बघा. कडुबाच्या घरामागं तुमचा तो काळा रबरी फुगा अजून पडलाय. आत हवा नाही, वर कोंबड्या बसतात. शेजारी तुमची पाटी उभी आहे, 'धूरमुक्त वस्ती'. पाटीवर तुमच्या खात्याचं नाव आहे, कामाचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराचं आहे, आणि खाली लाभार्थी म्हणून कडुबाचंही आहे. चंपाबाईचं नाव कुठंच नाही. म्हणून ही गोष्ट तुम्हाला ऐकावी लागेल. ऐकताना मोबाईल बाजूला ठेवा. शेवटी उत्तर द्यायचंय.

तळखेडा लासूर स्टेशनापासून जीपनं फार लांब नाही. गाव टेकाडावर, बौद्धवाडा खाली ओढ्याच्या अंगाला. गावाचं सांडपाणी उतरतं ते वाड्याच्या वाटेनंच. कडुबाचं घर सगळ्यात शेवटी, पत्र्याचं. घरात तो, बायको चंपाबाई आणि सून करुणा. पोरगा बुद्धभूषण वाळूजला कंपनीत ठेकेदाराकडं. सुट्टी मिळाली तर यायचा, आला की झोपायचा.

चंपाबाईची उभी जिंदगी चुलीपुढं गेली. ह्या भागात सरपण म्हणजे पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की वाळलेली झाडं उपटायची, भारे बांधून डोक्यावरून आणायचे, कुडाला लावून ठेवायचे. पऱ्हाटी भडकन पेटते आणि लगेच बसते, म्हणून बाईला सारखं फुंकत राहावं लागतं. वर हंगामभर मारलेलं औषध त्या काटकीत मुरलेलं. तो धूर ओढून ओढून चंपाबाईची छाती कामातून गेली. बोलताना ती वाक्य मध्येच सोडायची, भिंत धरायची, श्वास गोळा करायची आणि उरलेलं वाक्य पुरं करायची. कडुबाला सवय झाली होती. तो थांबायचा.

सिलेंडरही मिळाला होता. एकदोनदा भरला, मग भरायला झेपेना. तो कोपऱ्यात उभा राहिला. त्याच्यावर करुणानं पिठाचा डबा ठेवला.

लासूरच्या डॉक्टरनं छातीला नळी लावून सांगितलं, "आजी, गोळ्या कितीबी खा. चूल बंद होत नाही तोवर इलाज नाही."

बाहेर येऊन दोघं जीपची वाट बघत उभी राहिली. चंपाबाई म्हणाली, "चूल बंद कर म्हनला. मंग खायाचं काय, त्याचं... डोस्कं?"

कडुबा हसला नाही. त्याला एवढंच कळत होतं, की ही बाई आपल्या डोळ्यांदेखत बुडत चाललीय आणि घरात पाण्याचा टिपूस नाही. रोज संध्याकाळी ती चुलीपुढं बसली की तो अंगणात जाऊन उभा राहायचा. आत बसून तिचा खोकला ऐकवायचा नाही.

अशा वेळी तुमचा माणूस वाड्यात आला, साहेब. गुत्तेदार. हातात टॅब, पायात पांढरे बूट. समाजमंदिरापुढं खुर्ची टाकून त्यानं सांगितलं, की शेणाचा गॅस मिळणार, फुकट. एक फुगा, एक हौदी, एक शेगडी. सकाळी शेण कालवायचं आणि दिवसभर सैपाक. धूर नाही, काजळी नाही.

कडुबा सगळ्यांत आधी उठला. "आमचं नाव घ्या."

"जनावरं किती?"

"दोन शेरडं हायेत."

"शेरडावर नाही होत बाबा. गाय-म्हैस पाहिजे. नियम आहे."

कडुबा खाली बसला. "मंग आमचं नाय जमत. हितं कोनाकडं गाय हाय?"

गुत्तेदारानं इकडंतिकडं बघितलं. त्याला आकडा पुरा करायचा होता. "बसता कशाला लगेच? कुणाची तरी आणा ना घटकाभर. फोटोपुरती."

गाय नानासाहेबाकडून आली. नानासाहेब गावातला मोठा शेतकरी, ऊसवाला, दावणीला पंधरा-वीस जनावरं. त्याला गंमत वाटली. "न्या की," तो म्हणाला, "माजी गाय सरकारी कामाला लागली म्हनू." त्यानं सालगड्याबरोबर एक म्हैस आणि एक तांबडी गाय खाली पाठवली.

म्हैस उतरणीवरूनच माघारी पळाली. राहिली तांबडी. मग त्या दिवशी ती एकटी तांबडी वाड्यातल्या दारोदार फिरली. एका दारी बांधली, फोटो काढला, सोडली, पुढच्या दारी बांधली. कडुबाच्या दारी आली तेव्हा चंपाबाई भाकरी घेऊन बाहेर आली. गायीनं खरबरीत जिभेनं भाकरी ओढून घेतली आणि चंपाबाईचा हात मनगटापर्यंत चाटला.

"हसा की बाबा," गुत्तेदार टॅब धरून म्हणाला, "गाय तुमची हाय."

करुणा उंबऱ्यातून म्हणाली, "मामा, आपन बागायतदार झालो."

सगळे हसले. कडुबाही हसला. दावं हातात धरून, छाती काढून उभा राहिला. फोटोपुरतंच तर होतं. दारोदार भाकरी मिळाल्यानं संध्याकाळी तांबडी वाड्यातून हलेना, सालगड्याला तिला ओढून न्यावी लागली.

साहेब, तुमच्या कचेरीत एकाच गायीचे इतके फोटो आले. शिंग तेच, कपाळावरचा पांढरा टिक्का तोच. एकालाही ती ओळखू आली नाही.

उन्हाळ्यात फुगे बसले. पहिली भर घालायला गुत्तेदारानं नानासाहेबाकडूनच ट्रॉलीभर शेण आणलं. काही दिवस फुगा नुसता जमिनीला चिकटून पडला होता. मग हळूहळू कुशी भरू लागल्या. चंपाबाई येता-जाता त्याच्यावर हात ठेवायची. "गाभन म्हशीवानी झालाय बघ," ती करुणाला म्हणायची.

शेगडी पेटली त्या सकाळी चंपाबाई तिच्यापुढं मांडी घालून बसली. निळा जाळ. आवाज नाही. तिनं सवयीनं फुंकणी उचलली.

"आत्याबाई, फुकू नका, इझल," करुणा म्हणाली.

"मंग म्या काय करू?"

"बसा नुसतं."

ती नुसती बसली. चहा उकळला, उतू गेला, तरी ती जाळाकडंच बघत होती. पहिला घोट घेऊन म्हणाली, "धुराचा वास नाय तर चहावानी लागंना गं." आणि हसली. हसताना खोकला आला नाही. कडुबाला तेवढंच पुरलं.

महिन्याभरात बाई बदलली. अंगणातून ओढ्यापर्यंत भिंत न धरता जाऊ लागली. रात्री पाठ टेकून झोपू लागली, नाहीतर वर्षानुवर्षं उशाशी गाठोडं घेऊन बसून झोपायची. एकदा ती शेजारणीशी भांडली. बोरीच्या फांदीवरून. कडुबा दारात बसून ऐकत होता. पुरं भांडण, एका दमात, शिव्यांसकट. त्यानं अधेमधे बोलून ते थांबवलं नाही.

मग फुगा बसायला लागला.

गुत्तेदाराचं शेण जिरलं. फुग्याला रोज पाटीभर शेण लागतं आणि तेवढंच पाणी. शेरडांच्या लेंड्यांनी काय होतंय? शेण आता कुणी टाकून देत नाही, खत म्हणून ट्रॉलीनं विकतात. वाड्यातल्या बाकीच्यांनी दोन दिवस इकडंतिकडं बघितलं आणि नाद सोडला. कुणी शेगडी माळ्यावर टाकली, कुणी फुगा कापून पावसाळ्यासाठी पत्र्यावर अंथरला. कडुबाला नाद सोडता येईना. चंपाबाई पुन्हा पऱ्हाटी मोडायला बसली त्या सकाळी तो टोपी घालून टेकाडावर गेला.

"जय भीम, नाना."

"राम राम. ये कडुबा. गॅस काय म्हनतो?"

"शेन नाय, नाना. तुमची गाय फोटोत हाय, तर म्हनलं..."

नानासाहेब मोकळेपणानं हसला. माणूस वाईट नव्हता, कुणाला वाकडं बोलायचा नाही. "ने की. पाटीभरानं माजं काय जातंय?"

वच्छलाबाई, त्याची बायको, ओट्यावर लसूण सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "गोठ्यातला गडी गेलाय सोडून, ऊसतोडीला जानार म्हनं. माजी कंबर गेली शेन काढून काढून. कडुबादादा, न्यायचंच हाय तर काढून बी न्या. सकाळी सकाळी आले तर बरं, धारा काडायच्या आत."

कडुबानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"बळजबरी नाय हां," नानासाहेब म्हणाला. "जमलं तर बघ. अन् फुग्यातून निघती ती राबडी आपल्या उसाला आणून टाकत जा. शेन आपलंच हाय ना शेवटी."

सगळं किती सरळ होतं. कुणी दम दिला नाही, कुणी जात काढली नाही. आणि कडुबाला टेकाड उतरताना वाटत होतं की आपल्या खांद्यावर काहीतरी ठेवलं गेलंय, जे ओळखीचं आहे.

ओळखीचं होतंच. त्याचा बाप मोतीराम गावची मेलेली ढोरं ओढायचा. त्याचा आजाही. गोठे झाडायचे, मढी ओढायची, बदल्यात शिळ्या भाकरी. ज्या साली मोतीरामनं दीक्षा घेतली त्या साली त्यानं ढोरं ओढायचं चऱ्हाट चावडीपुढं आणून जाळलं. सगळ्या गावादेखत. "आजपासून तुमचं ढोर तुमी ओढा," एवढंच बोलला. गावानं काम बंद केलं, विहीर बंद केली. वाड्यानं दोन पावसाळे तरवट्याची भाजी खाऊन काढले. पण चऱ्हाट पुन्हा वळलं नाही.

ही गोष्ट दरसाल दसऱ्याला विहारात सांगितली जाते. वंदना झाली की पोरं समोर बसतात आणि वाड्यातलं कुणीतरी जाणतं माणूस चऱ्हाट जाळल्याची गोष्ट सांगतं. गेली कितीक वर्षं ती चंपाबाईच सांगायची. तिनं सासऱ्याच्या तोंडून ऐकलेली. दम लागला तरी दुसऱ्याला सांगू द्यायची नाही.

त्यामुळं कडुबानं घरी येऊन अर्धंच सांगितलं. "नाना शेन देतो म्हनला. त्याला कुटं काय करायचं?"

"फुकट?" चंपाबाई म्हणाली.

"राबडी देनार की त्याच्या उसाला."

"मंग बरं. देनं-घेनं आसलं म्हंजी बरं." तिनं पऱ्हाटीचा भारा बाहेर नेऊन टाकला.

रोज दिवस उगवायच्या वक्ताला कडुबा गोठ्यात जायचा. आधी शेण उचलायचं, मग मुताची नाली खराट्यानं ओढायची, मग गव्हाणीतला उष्टा कडबा बाहेर काढायचा. गोठा मोठा. पहिल्या दिवशी त्यानं पाटीभर उचललं आणि निघाला, तर वच्छलाबाई म्हणाली, "आन् त्या कोपऱ्यातलं कोन काडील?" ते काढलं. दुसऱ्या दिवशी म्हशीचं अंग धुवायला लागलं. मग धार काढताना वासरू धरायला. एक पाटी शेणासाठी आख्खी सकाळ. रोजगाराची वेळ निघून जायची. बाकीचे लोक कापूस निंदायला जायचे तेव्हा कडुबा डोक्यावर पाटी घेऊन खाली यायचा. पावसाळ्यात शेण पातळ. पाटीतून गळायचं, टोपीवर, कानामागं, सदऱ्यात. साठीच्या घरातला माणूस. उतरणीला पाय घसरला की पाटी सांभाळायची का स्वतःला, कळायचं नाही. तो पाटी सांभाळायचा.

घरामागं जाऊन तो कोपरापर्यंत हात घालून शेण कालवायचा, काड्या वेचून काढायचा, हौदीत ओतायचा. मग राबडीच्या बादल्या पुन्हा टेकाडावर.

वच्छलाबाई चहा द्यायची. नाही म्हणायला जागा नाही. वेगळा कप ठेवायचे दिवस गेले, कायदा आहे, लोक शिकलेत. ती प्लास्टिकचा ग्लास द्यायची, लग्नात वापरतात तसला. घरातली माणसं स्टीलच्या कपात प्यायची. पिऊन झालं की कडुबानं ग्लास चुरगाळून उकिरड्यावर टाकायचा. एकदा तिच्याकडचे ग्लास संपले होते. ती म्हणाली, "आज ऱ्हाऊ द्या दादा, ग्लास नाहीत." इतक्या साधेपणानं म्हणाली, की कडुबाच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. सकाळी प्यालोय."

करुणाच्या ध्यानात आलं होतं. सदरा धुताना ती म्हणाली, "मामा, नुसती पाटी आनता तर पाठीला बी शेन कसं लागतंय?"

"म्हशीनं शेपूट मारली."

करुणानं सदरा पिळला, दांडीवर टाकला. "रोजच मारती व्हय?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. आत शेगडीवर भाकरी टम्म फुगत होती आणि चंपाबाई काहीतरी गुणगुणत होती. त्या घरात दोन माणसं गप्प होती, कारण तिसरी गुणगुणत होती.

श्रावण सरता सरता लंपी आली. जनावरांच्या अंगावर गाठी, गाठीतून पू, तोंडातून लाळ. पोळ्याला बैल रस्त्यावर आणायला बंदी झाली. नानासाहेबाच्या दावणीला आधी एक खोंड बसलं, मग तांबडी. डॉक्टर आला, सुया दिल्या, गेला. कडुबा लिंबाच्या पाल्याचं पाणी करून तांबडीच्या गाठी पुसायचा. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ती त्याच्याकडं बघायची. उठवत नव्हतं तिला.

एका सकाळी तो गेला तेव्हा ती गेलेली होती. रात्रीच गेली असावी. पोट फुगून ढोल झालं होतं, वरचे दोन पाय ताठ हवेत. कडुबा दारात उभा राहिला. त्याला घरामागचा फुगा आठवला. तसंच तटतटलेलं, तसंच चकाकणारं.

आठ दिवस पाऊस चालू होता. नानासाहेबानं जेसीबीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, काळ्या रानात मशीन फसंल, उघडीप पडू द्या. शेतावरचा सालगडी हात लावीना, त्याच्या घरी गाय आहे, रोग जाईल म्हणाला. जावयाला फोन लावला, तो नुसता हां हां करून थांबला. गोठ्यात बाकीची जनावरं दावी ताणत होती.

नानासाहेब कडुबाजवळ आला. आवाज खाली घेतला. "कडुबा, तूच बघ बाबा आता काय ते."

"म्या?"

"बांधापातूर न्यायची फकस्त. खड्डा पाऊस लागायच्या आधीच काढून ठिवलाय. चुना-मीठ आमी टाकतो."

"नाना, आमी ते सोडलंय. तुमाला ठावं हाय."

"आरं, तसं कोन म्हनतंय? मी काय तुला जुनं काम सांगतोय का? तू आता घरचाच मानूस. रोज गोठ्यात तूच आसतो. दुसऱ्या कोनाला सांगू?" मग थोडा थांबून, दुसरीकडं बघत, "आता दावन अशी नासली तर उद्या शेन तरी कुटून यायचं?"

ते शेवटचं वाक्य त्यानं धमकी म्हणून म्हटलं का काळजी म्हणून, कडुबाला कळलं नाही. कदाचित नानासाहेबालाही माहीत नसेल. कडुबाला डोळ्यांपुढं चूल दिसली. चुलीपुढं चंपाबाई, तोंड उघडं टाकून हवा शोधणारी. वच्छलाबाईनं ओट्यावरून नायलॉनचा दोर टाकला. तो कडुबाच्या पायाशी पडला. निळा, नवाकोरा.

त्यानं उचलला.

मागच्या पायांना फास घातला. दोर खांद्यावरून घेतला. चिखलामुळं पहिल्यांदा नुसते त्याचेच पाय मागं सरकले. मग गाय हलली. नानासाहेब छत्री धरून बाजूनं चालत होता, "डावीकडनं, डावीकडनं" सांगत होता. वाटेत पोटातली हवा सुटली आणि तो वास कडुबाच्या नाकातोंडात गेला. बांधापर्यंत तो चार ठिकाणी गुडघ्यावर पडला. खड्ड्याच्या काठावर तांबडीची मान मुरगळून त्याच्याकडं झाली, कपाळावरचा पांढरा टिक्का चिखलानं भरलेला. त्यानं तळहातानं तो पुसला आणि तिला आत लोटली.

त्या दिवशी वच्छलाबाईनं चहाबरोबर बिस्किटंही दिली. त्यानं घेतली नाहीत. पाटी भरली आणि खाली आला. ओढ्यात कपड्यांसकट बसला, खांदा दगडानं घासला. दोराचा वळ काही जाईना.

"भिजले कशापायी?" चंपाबाईनं विचारलं.

"पाऊस."

दोन दिवसांनी सकाळी वाड्याच्या तोंडाशी मोटरसायकल थांबली. राजेंद्र होता, टेकाडावरचाच एक शेतकरी, बुद्धभूषणच्या वर्गात शिकलेला. गाडीवरून उतरला नाही. लांबूनच ओरडला, "कडुबामामा हायेत का?"

चंपाबाई दारात तांदूळ निवडत होती. "गेलेत वर. का रं?"

"आमची कालवड पडलीय लंपीनं. वढायची व्हती. नानाकडची त्यांनीच वढली ना? म्हनलं त्यांनाच सांगावं. पैशे देऊ, फुकट नाय."

चंपाबाईचा हात सुपात थांबला. राजेंद्र वाट बघून म्हणाला, "सांगता ना मावशी?" आणि गाडी फिरवून गेला. वाड्यातल्या प्रत्येक दारानं ते ऐकलं होतं.

कडुबा पाटी घेऊन आला तेव्हा ती तशीच बसलेली. सूप मांडीवर.

"कालवड पडलीय म्हनं राजेंद्राची," ती म्हणाली. "तुमाला बलावलंय."

कडुबानं पाटी डोक्यावर तशीच धरून ठेवली.

"सदरा काढा."

"चंपा, आगं..."

"काढा म्हनते."

त्यानं पाटी उतरवली, सदरा काढला. ती उठली, जवळ आली, खांद्यावरच्या वळावर बोट ठेवलं. टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवलं. "तांबडी व्हती का?"

"व्हय."

"मपल्या हातची भाकर खाल्ली व्हती तिनं."

"तुज्या छातीपायी केलं," कडुबा म्हणाला. "दुसरं काय करू? तू मरायला लागली व्हती."

"मरत व्हते तर मरत व्हते. मामंजींनी काय जाळलं व्हतं चावडीपुढं? म्या काय सांगते दर साली पोरास्नी?" तिचा दम संपला. भिंत धरली. बऱ्याच दिवसांनी धरली. "आता दसऱ्याला... म्या काय... सांगू त्यांना?"

ती आत गेली. शेगडीवर करुणाचं कालवण रटरटत होतं. चंपाबाईनं भांडं उतरवलं, नळीचा कॉक फिरवला. निळा जाळ आवाज न करता गेला.

"आत्याबाई," करुणा रडकुंडीला आली, "आवं, गॅसचा काय गुन्हा त्याच्यात? मी रोज करते सैपाक, तुमी बाहीर बसा."

"गॅसचा न्हाई गुन्हा, बाई. पन घास उतरायचा न्हाई मला. सासऱ्यानं जे जाळलं त्येच्यावर म्या भाकर भाजून खाऊ का?"

तिनं कुडाचा भारा ओढला आणि पऱ्हाटी मोडायला लागली. कडुबा मध्ये पडला नाही, साहेब. का नाही पडला, हे तो अजून स्वतःला विचारतो. त्याला वाटलं, दोन दिवस रागाचे. मग उतरेल. त्यानं गोठ्यात जाणं सोडलं. नानासाहेबानं निरोप धाडला, "रुसला का काय?" मग त्यानं दुसरा माणूस लावला. पगारी. फुगा आठवड्यात बसला.

दसऱ्याला विहारात वंदना झाली. पोरं समोर बसली. चंपाबाई उठली नाही. लोक तिच्याकडं बघत राहिले, मग कुणीतरी दुसराच विषय काढला आणि खीर वाटली. चऱ्हाटाची गोष्ट त्या साली कुणीच सांगितली नाही. कडुबा शेवटच्या चटईवर मान घालून बसला होता. घरी येताना ती त्याच्या खांद्याचा आधार घेऊन चालली. वळ होता त्याच खांद्याचा.

थंडी पडली. धूर वर जाईना, पत्र्याखालीच कोंडायचा. करुणा तिला चुलीपासून उठवायची, पण पत्र्याच्या एका खोलीत चुलीपासून लांब म्हणजे कुठं? ती पुन्हा गाठोड्याला टेकून बसून झोपू लागली. मग झोप गेली, नुसतं बसणं राहिलं. बुद्धभूषण सुट्टी टाकून आला, मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं नाकाला नळी लावली. ती नळी बोटानं बाजूला करून म्हणाली, "हिला धूर नाय का?"

"नाय, आई."

"बरी हाय." थोड्या वेळानं कडुबाला जवळ बोलावलं. त्याला वाटलं, माफ केलं म्हणेल किंवा नाही म्हणेल. ती म्हणाली, "शेरडांना पानी पाजलं का?" पहाटे गेली.

मार्चमध्ये तुमची गाडी आली, साहेब. एक तरुण अधिकारी, स्वभावानं गरीब. पाटीचा फोटो काढला. मग फुग्याकडं बघितलं, कोंबड्या हाकलल्या.

"बाबा, बंद का ठेवलंय? शेण टाकत जा ना."

"कुटून?"

त्यानं टॅब उघडला. "ही काय, गाय आहे तुमच्याकडं." आणि फोटो कडुबापुढं धरला. छाती काढून उभा कडुबा, हातात दावं, तांबडीची मान एका बाजूला वळलेली. आणि फोटोच्या कडेला, चौकटीत अर्धाच आलेला, हिरव्या बांगड्यांचा हात. हातात भाकरी.

कडुबा बराच वेळ बघत राहिला. चंपाबाईचा एकही चांगला फोटो घरात नव्हता. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या वंदनेला आधारकार्डावरचाच मोठा करून लावला होता.

"हा हात मोठा व्हतो का जरा?" त्यानं विचारलं.

अधिकाऱ्यानं दोन बोटांनी मोठा केला. "कुणाचा आहे?"

"जिच्यासाटी हे समदं केलं, तिचा." मग कडुबानं त्याच्याकडं बघितलं. आवाज चढवला नाही. "साहेब, ही गाय आमची नव्हती. ह्या वाड्यात कोनाचीच नव्हती. तुमाला एवढं मोठं दिसतंय ह्याच्यात, हात दिसतो, बांगड्या दिसत्यात. गाय कोनाची ते दिसलं नाय?"

अधिकाऱ्यानं टॅब बंद केला. म्हणाला, "वर कळवतो."

वर म्हणजे तुम्हीच ना, साहेब? मग आता कळलंय. गाय ज्याची, गोठा त्याचा. गोठा ज्याचा, त्याच्या दारी कोण जाऊन उभं राहणार, हे ह्या मुलखातल्या शेंबड्या पोराला कळतं. तुम्ही नियम लिहिलात. फोटो मागितलात. फोटो घेतलात. पाटी लावलीत. मग एवढंच सांगा, आणि कागदावर नको, तळखेड्याच्या वाड्यात येऊन, कडुबाच्या उंबऱ्यावर बसून, तोंडानं सांगा: त्या फुग्यातलं शेण कुणाच्या डोक्यावरून येणार, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, की ठाऊक होतं?